मराठवाड्याच्या पाण्यावर फ्लाय फिशिंग: भोईमामांच्या सोबतीनं पहिला दिवस

येलदरी धरणाच्या बॅकवॉटरवर पहिल्यांदा फ्लाय रॉड घेऊन उभा राहिलो, तेव्हा शेजारी थर्माकोलच्या चप्पूवर जाळं आवरत बसलेल्या मामांनी विचारलं, "सर, गळाला काय लावलंय?" मी पिसांची बांधलेली बनावट माशी, म्हणजे फ्लाय, दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, फुंकर मारून पिसं हलवून बघितली आणि म्हणाले, "हे चिलापी खाईल. पण तुम्ही टाकताय तिथं नाही. इथं टाका." मी लांब खोल पाण्याकडे टाकत होतो. त्यांनी दाखवलेली जागा माझ्यापासून बारा-पंधरा हातांवर, काठाच्या उथळ पाण्यात होती. तिसऱ्या फेकीला मासा लागला. तेव्हापासून नव्या तळ्यावर जायचं असलं की मी आधी माणूस शोधतो आणि मग रॉड बाहेर काढतो.

फ्लाय फिशिंग म्हटलं की ट्राउट मासा डोळ्यांसमोर येतो. तो इथं नाही आणि येणारही नाही. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. साधारण १० ते १८ अंश तापमानात तो खूश असतो, २० च्या वर अस्वस्थ होतो. आपल्या तलावांचं पाणी एप्रिल-मेमध्ये काठाला ३० अंशांच्या वर जातं. म्हणून भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड डोंगरी भागातच रुजला. युरोपातला ब्राउन ट्राउट काश्मीरमध्ये आणला गेला त्याला आता सव्वाशे वर्षं होतील.

पण फ्लाय टाकायची ही पद्धत ट्राउटपुरती नाही. किडे, अळ्या, बेडूक, लहान मासे खाणारा कुठलाही मासा फ्लायला येतो, आणि असे मासे आपल्याकडे भरपूर आहेत. चिलापी (तिलापिया) आणि मरळ या दोघांच्या भरवशावर अख्खा हिवाळा काढता येतो. रोहू आणि मृगळ यांच्या मागे लागू नका. ते शेवाळ आणि तळातला गाळ चाळून खातात, फ्लायला क्वचितच तोंड लावतात. कटला पृष्ठभागाजवळ फिरताना दिसतो, पण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. ही हौस नव्यानं लागलेले लोक याच तीन माशांच्या मागे दिवस घालवतात आणि कंटाळून रॉड माळ्यावर टाकतात.

आधी परवानगी

मराठवाड्यातल्या बहुतेक धरणांतली आणि तलावांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. पाण्यातलं मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी बोटुकली, संस्था पैसे मोजून सोडते. त्यामुळे तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला 'निसर्गाचा' नसतो, कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईतला असतो. गावात गेल्यावर पहिल्यांदा संस्थेच्या चेअरमनला किंवा सचिवाला भेटा. काय करणार आहात ते रॉड दाखवून सांगा. एक गळ, एक माणूस, जाळं नाही, रोहू-कटला लागला तर सोडून देणार किंवा बाजारभावानं पैसे देणार, हे स्पष्ट बोला. मला आजवर कुठंही नकार मिळाला नाही. मात्र न विचारता पाण्यावर गेलेल्या मित्राला काठावरून परत यावं लागलंय, आणि चूक त्याचीच होती.

पैठणचा नाथसागर मात्र वेगळा धरा. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे, तिथं वन विभागाचे नियम लागतात. हिवाळ्यात त्या काठांवर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तिथं दुर्बीण घेऊन जावं, रॉड घरी ठेवावा, असं माझं स्वच्छ मत आहे. रॉड न्यायला पूर्णेवरचं येलदरी आणि त्याखालचं सिद्धेश्वर, सिंदफणेवरचं माजलगाव, मांजरेवरचं धनेगाव, गंगाखेडजवळचं मासोळी असे कितीतरी पर्याय आहेत. शिवाय तालुक्यातले लहान पाझर तलाव आहेतच. शिकायला मी पाझर तलावच सुचवीन. पाणी आटोपशीर असतं, काठ मोकळा असतो आणि चिलापी हमखास असते.

वाटाड्या कसा निवडायचा

हिमाचलात ट्राउटसाठी गाइड मिळतात, त्यांचे दर ठरलेले असतात. आपल्याकडे अशी पाटी लावून कुणी बसत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेले भोई आहेत, आणि त्यांच्याइतकं त्या पाण्याचं ज्ञान कुणाकडे नाही. जुनी विहीर कुठं बुडाली आहे, बाभळीचे खुंट कुठं उभे आहेत, थंडीत मासा कोणत्या काठाला ऊन खायला येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. पहाटे जाळी काढून बाजाराला माल पाठवून झाला की साडेआठ-नऊला हे लोक जरा मोकळे होतात. तेव्हा गाठा. चहा घ्या. बोला.

पैशांचं पहिल्याच भेटीत ठरवा. "काहीतरी देऊ" असं म्हणू नका. तुमच्याबरोबर अर्धा दिवस फिरणाऱ्या माणसाची दुपारची जाळी राहून जातात, म्हणजे त्याची तेवढी कमाई बुडते. ती भरून निघेल आणि वर मजुरी सुटेल एवढे पैसे द्या, मासा लागो न लागो. मासा लागला तर जास्त आणि नाही लागला तर कमी, असा सौदा करू नका. त्यानं मग तुम्हाला सोपी जागा दाखवण्याची घाई होते आणि शिकणं बाजूला राहतं.

त्याला काय विचारायचं, हेही महत्त्वाचं. "मासा कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर फार तर एक बोट दाखवून मिळतं. मी तीन गोष्टी विचारतो: काल जाळ्यात काय लागलं आणि किती खोलीवर; माशाच्या पोटात काय निघालं; आणि वारा कोणत्या वेळेला उठतो. पोटात काय निघालं, याचं उत्तर ऐकून मी फ्लाय निवडतो.

सामान

पहिल्यांदा एकच रॉड घ्यायचा तर ९ फुटी, ६ नंबरचा घ्या. ट्राउटसाठी लोक ४-५ नंबर वापरतात, मरळीसाठी ७-८ लागतो. ६ नंबर दोन्हीकडे निभावतो. हा नंबर म्हणजे दोरीच्या वजनाचा नंबर. साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरी मागं ओढली जाते. इथं उलटं आहे. फ्लायला वजन जवळपास नसतंच, जाड लाइन, म्हणजे दोरी, फेकायची असते आणि फ्लाय तिच्या मागं जाते. ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं, आणि सगळी फेक त्याच्या जोरावर होते. लाइन तरंगणारी घ्या. तिच्या टोकाला ९ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा नायलॉनचा दोरा, आणि पुढे दोन फूट बारीक नायलॉन. मरळीसाठी ते नायलॉन जाड हवं, कारण ती लागताच पाणवेलीत घुसते.

रीलवर फार पैसे घालू नका. आपल्या माशांना ती फक्त दोरी गुंडाळायला लागते. त्याऐवजी पोलराइज्ड चष्मा घ्या. पाण्यावरची चकाकी कापली गेली की काठाचा तळ दिसतो. शिवाय डोळ्याजवळून सुसाट जाणाऱ्या हुकापासून तोच वाचवतो. कपडे मळखाऊ रंगाचे. पांढरा सदरा घालून काठावर उभं राहिलात तर चिलापी तुम्हाला आधी बघते.

शाळेच्या मैदानावर आठ दिवस

पाण्यावर जाण्याआधी कोरड्यावर शिका. हुकाच्या जागी लोकरीचा लाल गोंडा बांधा आणि गवतावर तीस फूट लाइन मोकळी करा. रॉडचं टोक खाली, लाइन ताठ. मग रॉड वेग वाढवत वर उचला आणि डोक्याच्या जरा मागं झटकन थांबवा. समोर घड्याळ आहे असं धरलं तर दहावर सुरू झालेली हालचाल एकवर थांबली पाहिजे. थांबल्यावर वाट बघा. लाइन मागं पूर्ण उलगडू द्या. ती सरळ झाली की पुढे न्या आणि पुन्हा दहावर थांबा.

सगळ्यांची चूक त्या वाट बघण्यात होते. लाइन मागं उलगडायच्या आत हात पुढे येतो आणि आसूड ओढल्यासारखा 'फट्' आवाज होतो. आवाज आला म्हणजे घाई झाली, आणि पाण्यावर असतात तर त्या आवाजासरशी फ्लाय तुटून गेली असती. आमच्याकडे ज्वारी राखताना ज्यांनी गोफण फिरवली आहे त्यांना हे चटकन जमतं. दगड सोडायचा क्षण जसा मनगटाला कळतो, तसाच हा थांबायचा क्षण कळतो. रोज वीस मिनिटं, आठ दिवस. तीस फूट सरळ पडायला लागलं की पुरे. साठ फुटांच्या मागे लागू नका, चिलापी पंचवीस फुटांत असते.

मागं झाडं असतील तर रोल कास्ट शिका. लाइन पाण्यावरून सावकाश ओढत रॉड कानाजवळ आणायचा, लाइन बाजूला लोंबू द्यायची आणि मग खिळा ठोकल्यासारखं पुढे मारायचं. लाइन चाकासारखी उलगडत जाते. बाभळींनी वेढलेल्या आपल्या तलावांवर निम्मा वेळ हीच फेक कामाला येते.

फ्लाय घरीच बांधा

विकतची ट्राउटची फ्लाय चालते, पण इथल्या माशाला इथलं खाणं दाखवलं की फरक पडतो. तलावाच्या गाळात चिलटांच्या बारीक लालसर अळ्या असतात, चिलापी त्या वेचत असते. १२ किंवा १४ नंबरचा हुक घ्या, शिवणाचा लाल दोरा दाट गुंडाळा, डोक्याकडे जुन्या घोंगडीतून काढलेल्या काळ्या लोकरीचे दोन वेढे, आणि मध्ये बारीक पितळी मणी. संपलं. लोकर पाण्यात फुगते आणि केस हलतात, त्यामुळे ती जिवंत वाटते. कोरड्या, तरंगत्या फ्लायसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम. त्यांचे तंतू ताठ असतात, पाण्यावर उभे राहतात. संध्याकाळी पृष्ठभागावर टिपटिप वर्तुळं उठताना दिसली, तर बोटभर चंदेरी मासे किडे टिपत असतात. तिथं ही फ्लाय टाका.

मरळीसाठी बेडूक हवा. जुन्या हवाई चपलेचा रबरी फोम अंगठ्याच्या पेराएवढा कापा, मोठ्या हुकावर चिकटवून बांधा, मागं शेळीच्या काळ्या केसांचे दोन झुपके पाय म्हणून. हुकाच्या टोकापुढे जाड नायलॉनचा एक अर्धगोल बांधला की तो पाणवेलीत अडकत नाही.

एक गोष्ट सक्तीची: प्रत्येक हुकाचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी दाढ, पकडीनं दाबून सपाट करा. माझ्या मावसभावाच्या अंगठ्यात दाढ असलेला हुक आरपार गेला होता, आणि तो काढायला तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत चाळीस किलोमीटर जावं लागलं. सपाट केलेला हुक बोटातून आणि माशाच्या तोंडातूनही सहज निघतो.

गाठ मारताना दोरा हुकाच्या डोळ्यातून ओवा, त्याचे मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे घाला, टोक डोळ्याजवळच्या फटीतून घेऊन मोठ्या वेढ्यातून परत काढा, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर नायलॉन घासून कमजोर होतं.

पाण्यावर: चिलापी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाचा गढूळपणा खाली बसलेला असतो. परभणी भागात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, त्यामुळे भल्या सकाळी मासा सुस्त असतो. नऊ-साडेनऊला उथळ काठावर ऊन पडलं की तो वर येतो. तिथून अकरानंतर वारा उठेपर्यंतचे दोन तास सोन्यासारखे. उन्हाळ्यात हेच गणित पहाटेवर सरकतं. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा रॉड घरीच ठेवा.

काठाला पोहोचल्यावर लगेच टाकू नका. दहा मिनिटं पाण्यापासून चार पावलं मागं बसा. मामा म्हणतात, "पाणी बघा आधी. मासा मागनं दिसतोच." हे मी शब्दशः पाळतो. उथळ तळावर परातीएवढे गोल, स्वच्छ खड्डे दिसतील. ती चिलापीच्या नरांनी शेपटीनं आणि तोंडानं साफ केलेली घरं. नर तिथं राखण करतो. मादी अंडी तोंडात घेऊन जाते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच वागवते. खड्ड्याच्या पलीकडे दोन हातांवर फ्लाय टाका, बुडू द्या, आणि डाव्या हातानं दोरी बोटांत गोळा करत अगदी हळू ओढा. एक वीत ओढा, थांबा, पुन्हा एक वीत.

चिलापी झडप घालत नाही. ती फ्लाय आत ओढते, चव घेते आणि क्षणात थुंकते. म्हणून लाइन पाण्यात शिरते त्या टोकावर नजर ठेवा. ते टोक कणभर सरकलं, थबकलं किंवा तिरकं झालं, की डाव्या हातानं दोरी सरळ ओढा. रॉड वर उचलू नका. ट्राउटला रॉड उचलतात, पण इथं तसं केलं तर फ्लाय माशाच्या तोंडापासून दूर जाते. सुरुवातीला लीडरवर थर्माकोलचा वाटाण्याएवढा मणी बांधलात तरी चालेल. तो बुडाला की ओढा. महिनाभरात त्याची गरज राहत नाही.

मरळ

मरळ ही धीराची परीक्षा. तिला श्वास घ्यायला हवा लागते, दर काही मिनिटांनी ती पाणवेलीच्या फटीत वर येऊन एक घोट घेते आणि जाते. पाण्यावर बुडबुडा आणि हलकीशी उलटी लाट दिसते. पुढच्या घोटाची जागा मामा अंदाजानं सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. बेडूक त्या जागेच्या दोन हात पलीकडे पानावर पडू द्या, तिथून पाण्यात घसरवा, दोन लहान ढुशा द्या आणि थांबा.

पाणी फुटतं तेव्हा छाती धडधडते आणि हात आपोआप मागं ओढतो. ओढू नका. मनात "एक, दोन" म्हणा, दोरीवर वजन जाणवू द्या, मग जोरात ओढा आणि लगेच तिला पाणवेलीबाहेर काढा.

पावसाळ्याच्या आगेमागे पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्याखाली मरळीची जोडी राखणीला असते. ती बेडकावर हटकून येते, पण भुकेनं नाही, पिल्लांच्या काळजीनं. तिला पकडलं तर पिल्लं तासाभरात इतर माशांच्या पोटात जातात. तिथून रॉड गुंडाळून पुढे चालायचं.

मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. तापलेल्या दगडावर ठेवू नका, फोटोसाठी लटकवू नका. पाण्यातच हुक काढा, तोंड पाण्यात धरून तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा. चिलापी घरी न्यायला संस्था सहसा हरकत घेत नाही, पण विचारून न्या. कुठलाही जिवंत मासा एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊन सोडू नका. चिलापी १९५२ साली भारतात आणली आणि ती आज कुठं कुठं पोचली आहे, ते आपण बघतोच आहोत.

जीव सांभाळा

हिमालयात लोक गमबूट घालून प्रवाहात उतरतात. इथं उतरू नका. पाणी ओसरलेल्या काठाचा काळा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली मांडीपर्यंत ओला असतो. बुडीत गावांच्या विहिरी पाण्याखाली तशाच आहेत. काठावर गाळपेर केलेली असेल तर बांधावरून चाला, कुणाचा हरभरा तुडवू नका.

सगळ्यात मोठा धोका विजेचा. काठाकाठानं शेतीच्या मोटारी असतात, त्यांच्या केबली पाण्यात आणि चिखलात पडलेल्या असतात, कित्येकांना जोड दिलेले असतात. केबल दिसली की ती जागा सोडा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून वरून तारा जात असतील तिथं रॉड उभा धरूनही चालू नका. ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून लांब बसा. धरणाच्या खालच्या बाजूला नदीत टाकत असाल, तर भोंगा वाजताच वर या. पाणी सोडल्यावर ते बघता बघता चढतं. चप्पूवर उभं राहून फेकायचा मोह होईल. मामा त्यावर सहज उभे राहतात, कारण त्यांचं आयुष्य त्यावर गेलंय. आपण काठावरूनच टाकायचं. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट घालूनच.

ट्राउटकडे जायचं असेल तर

इथं दोन हिवाळे काढलेत की हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात किंवा काश्मीरला जायला हरकत नाही. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो थंडीत अंडी घालतो. आपल्याकडचे सर्वांत चांगले चार महिने नेमके तेच आहेत. म्हणजे थंडीत इथं सराव करायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये इकडे ऊन तापायला लागलं की तिकडे जायचं. पुढे बर्फ वितळून आणि मग पावसानं नद्या गढूळ होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा निवळतं. परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. काश्मीरमध्ये नदीचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना बीट म्हणतात, आणि आपला बीट आधी नोंदवावा लागतो.

तिथं तीन गोष्टी बदलतील. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूनं जवळ जायचं. तो वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमारेषेवर, दगडाच्या आडोशाला थांबतो, कारण तिथं ताकद न घालवता वाहून आलेलं खाणं मिळतं. आणि फ्लाय ओढायची नाही, पाण्याच्या वेगानं मोकळी वाहू द्यायची. गाइडला पहिल्याच दिवशी सांगा की मी तळ्यावर शिकलोय, वाहत्या पाण्यावर नवा आहे. तो तुम्हाला लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायला शिकवेल, आणि सकाळचा पहिला तास त्यातच जाईल. तो तास जाऊ द्या.